बैलाला आवतण, माणसाला निरंक

मागच्या महिन्यात आम्हा कर्मचाऱ्यांसाठी तालुक्याच्या सभागृहात ताणमुक्तीची कार्यशाळा झाली. रविवारी झाली, हे मुद्दाम सांगते. शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्य सेविका, अंगणवाडी सेविका, आशाताई असे दीडदोनशे जण जमलो होतो. काही जणी पहाटे स्वयंपाक आटोपून, दोन गाड्या बदलून आलेल्या. हजेरी सक्तीची, आणि फलकासमोर उभं राहून काढलेला जिओटॅग फोटो बारा वाजायच्या आत व्हॉट्सअॅप गटावर टाकायचा. नागपूरहून आलेल्या वक्त्याने मऊ आवाजात सांगितलं, डोळे मिटा, तुम्ही समुद्रकिनारी बसला आहात, लाट येते आहे, लाट जाते आहे. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र टीव्हीवरच पाहिलेला. मी आपली पैनगंगा आठवून घेतली. तिसरी की चौथी लाट आली असेल, तोच सभागृहात पंधरावीस फोन एकदम थरथरले. गटावर तातडीचा संदेश आला होता. सोबतच्या नमुन्यात माहिती आजच सायंकाळी ५ पर्यंत सादर करावी, निरंक, म्हणजे कळवण्यासारखं काही नसलं, तर निरंक कळवावे. माझ्या शेजारच्या सेविकेने एक डोळा मिटलेलाच ठेवला, दुसरा उघडला, अंगठ्याने ‘निरंक’ लिहून पाठवलं आणि पुन्हा समुद्रावर गेली.

परतीच्या एसटीत यावरून वाद रंगला. मागच्या बाकावर एक निवृत्त गुरुजी होते. ते म्हणाले, “आमच्या वेळी बारा मैल सायकल हाणत जावं लागे, कोठचा ताण अन् कोठचं काय! आताच्या पोट्ट्यायले सोसतच नाही.” त्यावर नव्याने लागलेला एक शिक्षक म्हणाला की सोसण्याचा प्रश्न नाही, मनाला वळण लावलं पाहिजे, रोज वीस मिनिटं ध्यान केलं की काम जाणवत नाही. हाच वाद शहरात मोठ्या आवाजात चालतो. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सांगितलं, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं आणि रविवारच्या कामाचं बोलणं देशभर गाजलं, आणि मग पंधरा दिवस वर्तमानपत्रांत माणूस किती तास ताणता येतो याची मोजमापं सुरू राहिली. माझं म्हणणं असं की गुरुजी, तो तरुण आणि ते उद्योगपती, तिघंही एकाच चुकीच्या जागी उभे आहेत. थकवा आणि विसावा हा ज्याच्या त्याच्या मनाचा, ज्याच्या त्याच्या कुवतीचा मामला आहे असं तिघांनीही धरून चाललं आहे. माझ्या मते विसावा म्हणजे ठरवून दिलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली आणि वरच्या माणसालाही मोडता न येणारी वेळ. ती वेळ मिळाली की तिच्यात काय करायचं ते माणूस आपसूक शोधतो. झोपतो, भजनाला जातो, पत्ते कुटतो, नाहीतर बायकोशी भांडतो. ती वेळच नसेल तर ध्यानाला बसलेली बाईही एका डोळ्याने निरंक कळवत राहते.

ज्या रविवारी आम्हाला ताणमुक्त व्हायला बोलावलं, तो रविवार तरी आपल्याला कुठून मिळाला? १८८४ मध्ये सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी मागण्या मांडल्या. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. सहा वर्षं लावून धरल्यावर १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. या मागण्यांत मनाविषयी एक अक्षर नाही. कामगारांना धीर द्या, समजून घ्या, उमेद वाढवा असलं काही लोखंड्यांनी मागितलं नाही. त्यांनी घड्याळ मागितलं. गिरणीमालकांनी त्या वेळी सुट्टीऐवजी श्वास मोजायला शिकवणारा एखादा बुवा पाठवला असता, तर आज आपण त्या मालकांना काय म्हटलं असतं?

आमच्या भागालाही हे घड्याळ ठाऊक होतं. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला, अचलपूर अशा गावांत गिरण्या आल्या आणि कापूस पिकतो तिथे सरकी काढून गाठी बांधणारी जिनिंग-प्रेसिंग. माझे आजोबा पुलगावच्या गिरणीत होते. आजी सांगायची की पाळी सुटल्याचा भोंगा ऐकू आला की ती तवा चुलीवर ठेवायची, आणि भाकर फुगेपर्यंत आजोबा दारात चप्पल काढत असायचे. गिरणीतलं काम सोपं नव्हतं, रुई छातीत जायची, आजोबांचा खोकला आम्ही लहानपणी पाहिला आहे. पण भोंगा झाला की मुकादमाचा अंमल संपायचा आणि हे मुकादमालाही ठाऊक असायचं. १९४६ मध्ये मजूरमंत्री म्हणून डॉ. आंबेडकरांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती मांडली. त्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला, आणि हंगामी कारखान्यांतला ६० वरून ५० वर. हंगामी म्हणजे आमच्या वऱ्हाडातली जिनिंगं त्यात आली. आता सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली आहे. त्यावर वेगळं भांडायला हवं, पण तिथे निदान आकडा तरी आहे. रात्री साडेनऊला अंथरुणावर बसून आम्ही जी माहिती भरतो तिची कुठल्याच रकान्यात नोंद होत नाही.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेते, कारण तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. मनावर उपचार करून काहीच होत नाही, हे म्हणणं खोटं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्याच माणसांना शिकवून त्यांनी नैराश्याने ग्रासलेल्यांपर्यंत मदत नेली. सुरुवातीला अशा शंभरातल्या जेमतेम चौघांनी कुठे उपचार घेतला होता. दीड वर्षाने हे प्रमाण सत्तावीसवर गेलं, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. ज्या मातीत आपण राहतो तिथे हे लहानसहान काम नाही. ज्याला झोप लागत नाही, ज्याच्या डोक्यात काळे विचार येतात, त्याने १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोलावं, प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं, यात मला यत्किंचितही शंका नाही. माझा आक्षेप दुसऱ्या जागी आहे. आमच्या आरोग्य सेविका तापाच्या रुग्णाला गोळी देतात आणि त्याच गावात आठवड्याचा कोरडा दिवसही पाळायला लावतात, घरोघरची टाकी, रांजण रिकामे करून घेतात. गोळी दिली म्हणून डबकं तसंच राहू द्या, असं कुठली सेविका म्हणेल? कार्यशाळेत मात्र नेमकं तेच झालं. डासांची पैदास करणाऱ्या कचेरीनेच आम्हाला मच्छरदाणीत बसून डास विसरायला सांगितलं, आणि तेही सुट्टीच्या दिवशी.

दुसरा मुद्दा मला घरातच ऐकायला मिळतो. माझे दीर पूर्ण वेळ शेती करतात. मी कधी थकल्याचं बोलले की ते म्हणतात, “वहिनी, पगार येते नं महिन्याच्या महिन्याले?” यावर माझ्याकडे चटकन उत्तर नसतं. यवतमाळ जिल्ह्यात राहून पगारदार माणसाने ताणाची गोष्ट काढावी, तीही ज्या गल्लीत शेतकऱ्याचा फोटो हार घालून भिंतीवर लागलेला आहे त्या गल्लीत, याची लाज मलाही वाटते. ज्याला कापूस किती होईल, कोणत्या भावाने जाईल, बोंडअळी येईल की नाही हे काहीच ठाऊक नाही, त्याच्यापुढे माझं सायंकाळी ५ पर्यंतचं दुखणं किरकोळच आहे. पण दोन दुःखं तराजूत घालून जड कोणतं ते ठरवलं की हलकं दुःख नाहीसं होतं का? शिवाय दिरांचं दुखणं आणि माझं दुखणं वाटतं तेवढं वेगळं नाही. संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर त्यांनाही फोन येतो, कर्जाच्या हप्त्याचा. आणि इथे एक गंमत आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला की वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. बचत गटांच्या बाया जे छोटं कर्ज घेतात, त्या सूक्ष्म कर्जाला तर सकाळी ९ ते संध्याकाळी ६ एवढीच मुभा. नियम सगळीकडे पाळला जातो असं नाही. पण तो आहे म्हणून माझ्या शेजारणीने एका वसुलीवाल्याला उंबऱ्यातूनच सांगितलं, “सहा वाजून गेले भाऊ, आता उद्या या.” तो गेला. म्हणजे फोनला संध्याकाळी दाराबाहेर उभं करता येतं, आपल्या देशात येतं, आमच्या गावात येतं. हप्ता थकवलेल्या बाईला जे म्हणता आलं ते मला माझ्या गटावर म्हणता येत नाही, आणि मी तर कुणाचं काही थकवलेलं नाही.

कामाचे तास संपल्यावर कचेरीचा फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी खासगी विधेयक मांडलं. पण संसदेत खासगी सदस्याचं विधेयक मंजूर व्हायची शेवटची वेळ १९७० ची आहे, तेव्हा त्या भरवशावर किती बसायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि उद्या कायदा झाला तरी आशाताईचं काय? ती कागदावर कर्मचारीच नाही, मानधनावरची स्वयंसेविका आहे. तिच्या कामाला सुरुवात नाही म्हणून शेवटही नाही.

हे तास नसलेलं काम आमच्या मुलखात नवं मात्र नाही. विदर्भात गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. वर्षाचा आकडा ठरतो, धान्य ठरतं, उचल ठरते. न ठरणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तो केव्हा मोकळा होणार. बैलांचं वैरण-पाणी, रात्री मोटार सुरू करणं, पहाटे दूध काढणं, मालकाकडे पाहुणा आला तर बंडी जुंपणं, सगळं सालात आलं. गडी गोठ्यातच निजायचा, कारण हाक केव्हा येईल त्याचा नेम नसायचा. त्याहून जुनं आणि त्याहून वाईट उदाहरण महार वतनाचं. वतनदार महाराला रात्री-अपरात्री केव्हाही सरकारी कामाला हाकारता यायचं, आणि तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणाला जावं लागायचं. मोबदला नगण्य. या वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात मांडलं होतं. १९२८ चं विधेयक मांडणारा आणि १९४६ मध्ये ४८ तासांचा आठवडा आणणारा माणूस एकच आहे, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याच्या वेळेवर दुसऱ्याची हाक केव्हाही चालते तो पुरता मोकळा माणूस नसतो, हे त्यांनी ज्या समाजात जन्म घेतला तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं होतं. माझी आणि गावकामगार महाराची तुलना मी करत नाही, तसं केलं तर ती निर्लज्ज अतिशयोक्ती होईल. मला सातवा वेतन आयोग आहे, त्याला शिव्या होत्या. मी फक्त हाकेचा आकार दाखवते आहे. ‘तातडीचे’ असं लिहून आलेला रात्री नऊचा संदेश आणि गोठ्याकडे तोंड करून मारलेली हाक, दोन्हींत एक गृहीत धरलेलं असतं, की पलीकडचा माणूस जागाच आहे आणि आपलाच आहे.

एसटीतल्या गुरुजींकडे परत येते, कारण त्यांच्या सायकलीत खरं उत्तर दडलेलं आहे. ते बारा मैल जात, हे खरंच कष्टाचं होतं. पण शाळेला कुलूप लावून त्यांनी पायंडलवर पाय ठेवला की पुढचे बारा मैल जगातला कोणताही गटशिक्षणाधिकारी त्यांना गाठू शकत नव्हता. त्यांनी ज्याला कष्ट म्हणून सांगितलं तोच त्यांचा विसावा होता. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं म्हटलं आहे. त्या तीन अपवादांच्या फटीतून आणि फटीबाहेरूनही किती माहिती आमच्या फोनवर येते, याची गुरुजींना कल्पना नाही. त्यांच्या काळी निरंक कळवायला पोस्टकार्ड लागायचं. पन्नास लोकांकडून पन्नास पोस्टकार्डं मागवणं कुणाच्या जिवावर येत असेल तर तो साहेब मागवतच नसे. आता मागायला काहीच पडत नाही म्हणून मागतात.

आणि पूर्वज राबत होते, सुट्टीबिट्टी कुणाला ठाऊक, असं जे सांगतात त्यांनी पोळा विसरलेला असतो. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना नदीवर धुतात, खांदशेकणी करतात. वर्षभर जू बसून जिथे कातडी निबर झालेली असते तिथे हळद आणि तूप लावून पळसाच्या पानांनी शेकतात. आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी बैलाला जुंपायचं नाही. पाऊस कितीही चांगला झालेला असो, निंदण-डवरणी कितीही अडलेली असो, मालक कितीही मोठा असो, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणाऱ्याला गाव नावं ठेवतं. मला या सणातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हे, की बैलाचा थकवा कुठे आहे ते आपल्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं. तो खांद्यावर आहे, जिथे जू बसतं तिथे. म्हणून तिथे तूप लावायचं आणि जू खाली ठेवायचं. बैलाने मन स्थिर करावं असा सल्ला कुणी दिलेला माझ्या ऐकिवात नाही. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे साऱ्या वाईटाचा पुतळा, निघते, खेड्यांतही पोरं ओरडतात, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. यंदा आमच्या गल्लीत कुणीतरी ओरडलं, ऑनलाइन माहिती घेऊन जा गे मारबत. कोण ते विचारू नका, आवाज बाईचा होता.)

पूर्वेकडे, झाडीपट्टीत, हाच हिशेब वेगळ्या रीतीने मांडलेला दिसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत धान निघालं की दिवाळीच्या मागोमाग मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्या धंद्याचं माहेरघर. हंगाम होळीपर्यंत जातो. नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपतं, थंडीत चादर गुंडाळून हजारो माणसं बसतात, आणि सकाळी कुणी त्यांना आळशी म्हणत नाही, कारण गावाने ठरवलेली ती रात्र असते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. हे सगळं वर्णन करताना मी गतकाळाच्या गोडीत घसरते आहे का, हे स्वतःला विचारून पाहिलं. थोडी घसरतेच. पोळ्याला बैल मोकळा असतो, पण त्या दिवशी पुरण वाटणारी बाई मोकळी नसते. मंडईला घरात आलेल्या पंचवीस पाहुण्यांचा स्वयंपाक कोण करतं ते वेगळं सांगायला नको. सालगड्याच्या साली विसाव्याचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. जुनी व्यवस्था न्यायाची होती असा माझा दावा नाही. पण निदान जे दिवस दिले ते सगळ्यांदेखत दिले आणि मोडले नाहीत. आपण न्याय वाढवायचा सोडून ते दिवसच मोडून टाकले.

कामावरून आल्यावर मोकळं व्हायचं म्हटलं की गावातल्या पुरुषांच्या बाबतीत विषय बाटलीवर येतो, आणि तिथे आपली सारी चर्चा संपते. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदी असावी की नसावी यावर मी इथे पडत नाही; ज्या बायांनी त्यासाठी रस्त्यावर रात्री काढल्या त्यांच्या बाजूनेच माझं मन आहे. मला खटकतं ते एवढंच की पन्नास वर्षं आपण बाटलीवर बोललो आणि संध्याकाळी सात ते दहा माणसाने कुठे बसायचं यावर काही बोललो नाही. याच मातीतल्या दोन माणसांना ते कळलं होतं. गाडगेबाबा गावात शिरले की दिवसभर हातात खराटा, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन लावून दिलं. दोघंही दारूविरुद्ध तळमळीने बोलत, पण नुसतं सोडा म्हणून थांबत नसत. आधी लोकांची संध्याकाळ भरून टाकत. आज आमच्या गावात प्रार्थना मंदिर आहे, संध्याकाळी लाउडस्पीकरवर ध्वनिमुद्रित प्रार्थना लागते आणि आत चार म्हातारे बसलेले असतात. बाकीचे पानठेल्यावर, मान खाली घालून, अंगठा सरकवत. त्यांना दोष काय द्यायचा? दिवसभर ज्या यंत्राने हाका मारल्या, त्याच यंत्रात ते त्या हाकांपासून लपायला गेलेले असतात.

आता कुणी म्हणेल की सगळ्याच कामाला भोंगा कसा लावणार? बाळंतीण वेळ बघून अडत नाही, साप रविवारी चावत नाही असं नाही, वादळात तार तुटली तर वायरमनने सकाळची वाट बघायची का? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचं उत्तरही गावाकडेच आहे. त्याला पाळी म्हणतात. मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचं, पाणी धानाच्या बांध्यांना पाळीने जातं. पिकाची जागल पाळीने होते, आज तुझ्या घरचा, उद्या माझ्या घरचा. २०१८ च्या नोव्हेंबरात राळेगावच्या जंगलात माणसांवर हल्ले करणारी अवनी वाघीण मारली जाईपर्यंत त्या भागातल्या गावांनी रात्री कशा टोळ्या करून काढल्या ते विचारा. ज्या कामाला थांबणं परवडत नाही तिथे माणूस बदलतो, आणि उतरलेला माणूस खरोखरच उतरलेला असतो. रेल्वे असं चालते, एसटी असंच चालते. आमच्या शेजारी राहणाऱ्या वायरमनकडे चार गावं आहेत आणि त्याच्या जागी उभा राहायला दुसरा कुणी नाही, ही वादळाची करणी नव्हे, न भरलेल्या पदांची आहे. आणि ‘निरंक असल्यास निरंक कळवावे’ हे तर बाळंतपणही नाही आणि सर्पदंशही नाही. जे काही नाही ते काही नाही म्हणून आजच सांगा, यात तातडी ती कसली?

शेतीचंही तसंच. कित्येक वर्षं शेतीपंपाची वीज आळीपाळीने मिळत आली, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा. हरभरा ओलायच्या दिवसांत, डिसेंबरच्या थंडीत, माझा नवरा आणि दीर रात्री बाराला उठून वावरात गेले आहेत, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, रानडुकरांच्या भीतीने मोठमोठ्याने बोलत. दोन वर्षांपूर्वी आमच्या फिडरवर दिवसाची वीज आली. तेव्हापासून दिरांची चिडचिड किती कमी झाली ते त्यांच्या बायकोला विचारा. त्यांनी ना ध्यान केलं, ना कुणाशी मन मोकळं केलं. रात्री घरात झोपले, एवढंच. ज्या माणसाला आपण तापट, व्यसनी, निराश म्हणून ओळखत होतो तो मुळात वर्षानुवर्षं अर्धवट झोपलेला माणूस होता, ही शक्यता आपल्या चर्चेत कधी येते का?

राहता राहिली बाईची संध्याकाळ. पुरुषाचा भोंगा निदान गिरणीत तरी होता. आजी सांगायची त्या गोष्टीतला भोंगा नीट ऐकला तर तो आजोबांची पाळी संपल्याचा आणि आजीची सुरू झाल्याचा होता, हे मला स्वतः नोकरीला लागेपर्यंत कळलं नव्हतं. म्हणून नुसता कचेरीचा फोन बंद केल्याने बाई मोकळी होईल, असं मी म्हणणार नाही. मागच्या श्रावणात मी गावात एक प्रयोग केला. शाळेची किल्ली माझ्याकडे असते. दर गुरुवारी संध्याकाळी सात ते आठ शाळेचा व्हरांडा उघडा ठेवायचा, सतरंजी टाकायची, बायांनी यावं, बसावं. भाषण नाही, हजेरी नाही, फोटो तर नाहीच. पहिल्या गुरुवारी बाया विचारत होत्या की कशाची मीटिंग आहे, कोणतं कर्ज आहे, आधार कार्ड आणायचं का. कशाचीच नाही म्हटल्यावर दोघी परत गेल्या. तिसऱ्या गुरुवारी अकरा जणी आल्या. थोडा वेळ एकमेकींच्या साड्यांवर बोलल्या, एकीने ओवी म्हटली, मग बोलणंही थांबलं. आमच्या अंगणवाडीची मदतनीस भिंतीला टेकून बसली होती, ती बसल्या बसल्या झोपी गेली. तोंड जरा उघडं, हात मांडीवर. कुणीतरी तिच्या अंगावर आपला पदर सारला. पंखा नव्हता, डास होते, तरी ती पाऊण तास हलली नाही, आणि आम्ही बाकीच्या जणी तिला उठू न देण्यासाठी हळू आवाजात बोलत राहिलो. आठला पाच कमी असताना तिचा पोरगा फाटकाशी येऊन उभा राहिला. “माय, आजीनं बलावलं,” म्हणाला. एकीने त्याला तोंडावर बोट ठेवून खूण केली, सतरंजीवर आपल्याजवळ जागा करून दिली, आणि तोही बसला.